कोर्टाची पायरी शाबूत हवी

‘शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. जमिनीची हद्द असो की वडिलोपार्जित घराची वाटणी असो, दोघा भावांत शब्दाला शब्द लागला की घरातले वडीलधारे हीच म्हण ऐकवतात आणि प्रकरण घरातल्या घरात मिटवतात. म्हण खोटी नाही. खटल्यात पैसा जातो, वर्षे जातात आणि नाती तुटतात ती कायमची.

पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. शेजाऱ्याशी भांडण असेल तर पंच बसतात, चार शहाणी माणसे समजूत घालतात. भांडण जर खुद्द सरकारशी असेल तर? मध्यरात्री दारावर थाप पडली आणि कारण न सांगता घरातल्या कर्त्या माणसाला नेले, तर कोणते पंच बसणार? तेव्हा कोर्टाची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसते. मग प्रश्न एवढाच उरतो, की ती पायरी जागेवर आहे का? आणि वर जो न्यायाधीश बसला आहे, तो सरकारला ‘नाही’ म्हणू शकतो का?

३० जुलै २०२० रोजी पोर्ट लुई येथे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्‌घाटन झाले. भारताच्या साहाय्याने उभी राहिलेली ही दहा मजल्यांहून उंच इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मायभूमीने दिलेल्या या भेटीचा आपल्याला अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. पण इमारत भेट देता येते, न्यायाधीशाचा कणा भेट देता येत नाही. तो ज्या त्या देशाला स्वतःच जपावा लागतो. ज्या भारताने आपल्याला ही वास्तू दिली, त्या भारताचे सर्वोच्च न्यायालय एकदा ऐन कसोटीच्या वेळी डगमगले होते. ती हकीकत आपल्या तरुण मंडळींना ठाऊक असली पाहिजे, म्हणून आजचा हा लेख.

आपल्या पूर्वजांचे कोर्ट

भारताकडे वळण्यापूर्वी क्षणभर आपल्याच बेटाचा जुना काळ आठवू या. आपले पूर्वज रत्नागिरीच्या बाजूने गिरमिटावर येथे आले, तेव्हा येथे कायदा नव्हता असे नाही. कायदा होता, कोर्ट होते, मॅजिस्ट्रेटही होता. पण एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापणारा ‘डबल कट’ याच कायद्याच्या छायेत चालत असे. १८६७ च्या मजूर कायद्यानंतर तर गिरमिट संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगल्याशिवाय रस्त्याने चालणे कठीण झाले. पास नसला की भटक्या ठरवून पोलीस त्याला धरून नेत.

१८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या गृहस्थाने जुन्या मजुरांच्या वतीने गव्हर्नरांना अर्ज केला. त्या अर्जाखाली ९,४०१ मजुरांची नावे होती. त्यातून १८७२ चे रॉयल कमिशन आले, १८७५ साली त्याचा अहवाल निघाला आणि १८७८ साली नवा मजूर कायदा झाला. पुढे १९०७ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर येथे आले आणि ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते, अशा मजुरांची बाजू ते कोर्टात मांडू लागले.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. नुसता कायदा पुस्तकात असून भागत नाही, तो वापरणारा न्यायाधीश बलवानापुढे न झुकणारा असावा लागतो. आणि गरिबाची बाजू घेऊन उभा राहणारा वकीलही लागतो. हे दोघे नसतील तर कायदा हा चाबूकच ठरतो.

१९७५ साली भारतात काय घडले?

भारताची राज्यघटना ही लिखित घटना. नागरिकांचे मूलभूत हक्क तिच्यात नमूद केलेले आहेत. सरकारने ते हक्क डावलले तर नागरिकाला उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात जाता येते. एखाद्याला बेकायदा डांबून ठेवले असेल तर त्याच्या वतीने ‘हेबियस कॉर्पस’चा अर्ज करता येतो. त्याचा अर्थ असा की, ‘या माणसाला कोर्टापुढे हजर करा आणि कोणत्या कायद्याने त्याला धरले ते सांगा.’ इंग्रजांकडून आलेला हा जुना उपाय. राजा असो वा पंतप्रधान, त्याच्या अधिकाऱ्याला न्यायाधीशापुढे उत्तर द्यावे लागते, हे त्याचे सार.

२४ एप्रिल १९७३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात एक मोठा निकाल दिला. १३ न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस सुनावणी झाली होती. मुंबईचे विख्यात वकील नानी पालखीवाला यांनी केशवानंदांची बाजू मांडली. संसदेला घटना बदलता येईल, पण घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही, असे ७ विरुद्ध ६ मतांनी ठरले. सरकारला हा निकाल रुचला नाही. दुसऱ्याच दिवशी शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. तिघांनीही राजीनामे दिले. पुढे जे घडायचे होते त्याची ही नांदी होती. सरकारविरुद्ध निकाल द्याल तर बढती मुकाल, हा संदेश प्रत्येक न्यायाधीशापर्यंत पोचला.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतून झालेली निवड रद्द ठरवली. प्रत्यक्ष पंतप्रधानांविरुद्ध असा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचे धैर्य केवढे असेल, याची कल्पना करा. सर्वोच्च न्यायालयाने २४ जूनला त्या निकालाला सशर्त स्थगिती दिली. दुसऱ्या दिवशी, २५ जूनच्या रात्री, देशात आणीबाणी पुकारण्यात आली. स्थगितीसाठी पंतप्रधानांच्या वतीने उभे राहिलेले पालखीवाला यांनी आणीबाणी लागू होताच त्यांचे वकीलपत्र सोडले. वकिलाच्या बाण्याचे हे एक उदाहरण.

मग धरपकड सुरू झाली. आणीबाणीच्या काळात एक लाखाहून अधिक माणसे विनाखटला स्थानबद्ध झाली किंवा तुरुंगात गेली. त्यांतले एक नाव आपल्या पूर्वजांच्या कोकणाशी निगडित आहे. राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते. २६ जूनला अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आदींबरोबर त्यांना तेथेच अटक झाली. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई यांनाही येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. राजापूरच्या मतदारांनी ज्यांना आपला आवाज म्हणून दिल्लीला पाठवले, ते का धरले गेले हे त्या मतदारांना विचारण्याची सोय राहिली नाही. ‘मिसा’ या कायद्यात अशी दुरुस्ती करण्यात आली होती, की अटकेची कारणे सांगण्याचीही गरज उरली नाही.

उच्च न्यायालये ताठ उभी राहिली

२७ जून १९७५ रोजी राष्ट्रपतींचा हुकूम निघाला. घटनेतील कलम १४, २१ आणि २२ खालील हक्कांसाठी आणीबाणी असेतो कोणालाही कोर्टात दाद मागता येणार नाही, असा तो हुकूम. यातले २१ वे कलम म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. सरकार म्हणू लागले, की आता हेबियस कॉर्पसचा अर्ज कोर्टाने उघडूनही पाहू नये.

पण देशातील नऊ उच्च न्यायालयांनी हे मान्य केले नाही. त्यांचे म्हणणे साधे होते. आणीबाणी आहे हे खरे, पण अधिकाऱ्याने निदान ‘मिसा’ कायद्याच्या मर्यादेत राहून अटक केली आहे की नाही, एवढे तरी आम्ही तपासणारच. चुकीच्या माणसाला धरले असेल, वैरापोटी धरले असेल, तर ते पाहणे आमचे कर्तव्य आहे.

मुंबईचे उच्च न्यायालयही या काळात मागे राहिले नाही. नागरिकांचे स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य या विषयावर वकिलांनी बंद सभागृहात खाजगी सभा घेण्याचे ठरवले होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकील कोर्टात गेले आणि न्या. तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने वकिलांच्या बाजूने निकाल दिला. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातील मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये मसानींच्या बाजूने निर्णय दिला. सरकारवर टीका करणे म्हणजे देशद्रोह नव्हे, आणि सेन्सॉर म्हणजे सरकारची वाहवा करवून घेणारा कारभारी नव्हे, हा त्या निकालाचा आशय होता. वर्तमानपत्रांची तोंडे बांधलेली असताना हे शब्द न्यायासनावरून उच्चारले गेले.

या न्यायाधीशांना त्याची किंमतही मोजावी लागली. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या पत्नीच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७५ मध्ये सरकारविरुद्ध निकाल दिला. त्या दोन न्यायाधीशांपैकी न्या. रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली आणि न्या. अग्रवाल यांना परत सेशन्स जज्ज म्हणून खाली पाठवण्यात आले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या त्यांच्या संमतीशिवाय बदल्या झाल्या. तुरुंगाची भिंत न दाखवताही न्यायाधीशाला भीती घालता येते ती अशी. कोणाच्या मुलांचे शिक्षण, कोणाचे वृद्ध आईवडील, कोणाचे आजारपण, या सगळ्यांवर बदलीचा एक कागद पुरेसा असतो.

पाच न्यायमूर्ती आणि एक प्रश्न

नऊ उच्च न्यायालयांच्या निकालांविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हाच तो ‘एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ खटला. पाच न्यायमूर्ती बसले. सरन्यायाधीश राय, न्या. हंसराज खन्ना, न्या. बेग, न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड आणि न्या. भगवती. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, सोली सोराबजी, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद भूषवलेले, सासवडचे वि. म. तारकुंडे यांच्यासारखे वकील उभे राहिले.

डिसेंबर १९७५ मध्ये सुनावणी सुरू झाली. सरकारच्या वतीने अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे बोलत असताना न्या. खन्ना यांनी एक प्रश्न विचारला. २१ व्या कलमात व्यक्तिस्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. समजा, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून एखाद्या माणसाला ठार मारले, तर त्याविरुद्ध काही दाद मागता येईल का? अ‍ॅटर्नी जनरलनी उत्तर दिले, की आणीबाणी चालू असेपर्यंत नाही.

वाचकहो, हे उत्तर पुन्हा एकदा वाचा. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयात, दिवसाढवळ्या, सरकारच्या सर्वांत मोठ्या वकिलाने ते दिले. आपले पूर्वज परक्यांच्या राज्यात मजूर होते. तरीही त्यांना मारले तर दाद मागता येणार नाही, असे कोणत्या कोर्टात उघडपणे सांगितले गेले नव्हते.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने, एक विरुद्ध. चौघांनी ठरवले, की आणीबाणी असेतो स्थानबद्धाला हेबियस कॉर्पसचा अर्ज करण्याचा अधिकारच नाही. न्या. बेग यांनी तर स्थानबद्धांची सरकार आईच्या मायेने काळजी घेते अशा अर्थाचे उद्‌गार काढले. न्या. चंद्रचूड हे पुण्याचे, मराठी माणूस, कायद्याचे गाढे पंडित. स्थानबद्धांचे हाल होतील, कदाचित त्यांना गोळ्याही घातल्या जातील, अशी भीती वकिलांनी बोलून दाखवली होती. असे काही स्वतंत्र भारतात घडणार नाही, अशी आपल्याला हिऱ्यासारखी लखलखीत आशा आहे, असे त्यांनी निकालपत्रात लिहिले.

ती आशा ज्या वेळी कागदावर उतरली, त्याच्या आधीच ती खोटी ठरली होती. १ मार्च १९७६ रोजी केरळमध्ये कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजातील राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेले. त्याचे वडील, ईच्चर वारियर, मुलाचा पत्ता विचारत दारोदार फिरले. कोठेही उत्तर मिळाले नाही. आणीबाणीची पकड सुटल्यावर मार्च १९७७ मध्ये त्यांनी केरळ उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. तेव्हा उघडकीस आले की पोलिसांच्या छावणीत छळ होऊन मुलगा केव्हाच मरण पावला होता. या प्रकरणी मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. पण बापाला मुलाचा देहसुद्धा मिळाला नाही. ‘माणसाला हजर करा’ असे म्हणणारे कोर्ट वेळेवर उघडे असणे किती मोलाचे असते, हे ईच्चर वारियर यांच्याइतके कोणाला कळले असेल?

एकट्याचे मत

विरोधात लिहिणारे एकमेव न्यायमूर्ती म्हणजे हंसराज खन्ना. १९१२ साली अमृतसरला त्यांचा जन्म. निकालाच्या आधी त्यांनी आपल्या बहिणीला सांगितले होते, की मी जो निकाल लिहिला आहे, त्यामुळे माझे सरन्यायाधीशपद जाणार आहे. आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. म्हणजे परिणाम काय होणार हे पुरते जाणून त्यांनी सही केली.

त्यांचे म्हणणे काय होते? माणसाच्या जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क हा काही घटनेच्या २१ व्या कलमाने प्रथमच दिलेला नाही. घटना लिहिली जाण्याआधीही कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा प्राण वा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नव्हते. हे कलम बाजूला ठेवले म्हणून सरकारला कायद्याबाहेर वागण्याचा परवाना मिळत नाही. जेथे कायद्याचे राज्य आहे तेथे सरकारही कायद्याखालीच असते. विरोधी मत हे भावी काळाच्या शहाणपणाला केलेले आवाहन असते, असेही त्यांनी लिहिले. आज हरलो तरी उद्याची माणसे कदाचित चूक दुरुस्त करतील, हा त्यामागचा विश्वास.

त्यांनी बहिणीला सांगितले होते तसेच झाले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीश राय निवृत्त झाले. ज्येष्ठतेने पुढचा मान खन्ना यांचा होता. सरकारने त्यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केले. खन्ना यांनी राजीनामा दिला.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत जनतेने सरकार बदलले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरवले, की आणीबाणीतही कलम २० आणि २१ खालील हक्कांना हात लावता येणार नाही. म्हणजे खन्ना एकटे जे म्हणाले होते, ते काही वर्षांतच घटनेत लिहिले गेले. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन क्रमांकाच्या दालनात त्यांचे तैलचित्र लावण्यात आले. २००८ साली ते निवर्तले. सरन्यायाधीशांच्या यादीत त्यांचे नाव नाही, पण यादीतली कित्येक नावे लोक विसरले, खन्नांचे विसरले नाहीत.

या कथेचा शेवट आणखी पुढे, २४ ऑगस्ट २०१७ रोजी झाला. खाजगी जीवनाच्या हक्काविषयीच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकाल चुकीचा होता असे सांगून तो रद्दबातल केला. चौघांचे निकाल गंभीररीत्या सदोष होते, असे लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय यशवंत चंद्रचूड, म्हणजे त्याच यशवंतराव चंद्रचूडांचे चिरंजीव. वडिलांचा आदर एका बाजूला आणि न्यायासनाचे कर्तव्य दुसऱ्या बाजूला, असा हा प्रसंग. आपल्या घरांत वडिलांचा शब्द मोडायचा नाही अशी शिकवण असते. पण न्यायासनावर बसल्यावर वडिलांचाही शब्द तपासावा लागतो, हे त्या दिवशी दिसले. त्याआधी २०११ मध्ये न्या. भगवती यांनी आपल्या १९७६ च्या निर्णयाबद्दल जाहीरपणे चूक कबूल केली होती. चूक सुधारली, हे खरे. पण त्याला ४१ वर्षे लागली. राजनला त्याचा काय उपयोग?

आणि आपले बेट?

हे सारे भारतात घडले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. आपल्याही बेटाने आणीबाणी पाहिली आहे. डिसेंबर १९७१ मध्ये ती येथे पुकारली गेली, कामगार पुढारी तुरुंगात गेले, आणि लांबणीवर पडलेल्या निवडणुका अखेर डिसेंबर १९७६ मध्ये झाल्या. जुन्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. कोणत्या पक्षाचे चुकले नि कोणाचे बरोबर, हा येथे प्रश्न नाही. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, घाईच्या वेळी त्याला कोर्टाची अडचण वाटू लागते, हे सगळीकडे सारखेच.

आपल्या १२ मार्च १९६८ च्या घटनेत न्यायाधीशांना चांगले संरक्षण आहे. पंतप्रधानांना वाटले म्हणून न्यायाधीशाला घरी पाठवता येत नाही. अकार्यक्षमता किंवा गैरवर्तन सिद्ध झाले तरच, आणि तेही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत प्रकरण गेल्यावर, त्याला काढता येते. स्थानबद्ध केलेल्या माणसाचे प्रकरण स्वतंत्र न्यायमंडळाने तपासावे, असेही घटनेत लिहिले आहे.

या संरक्षणाचा उपयोग कसा होतो, त्याचे एक उदाहरण देतो. अमली पदार्थांनी आपल्या बेटावरची किती घरे उद्ध्वस्त केली, हे सांगायला नको. १९८६ साली आपल्या संसदेने कायदा केला, की अशा गुन्ह्यातील आरोपीला जामीन देऊच नये. लोकांना तो पटण्यासारखा होता. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. कारण काय? कायदा तसाच राहिला तर पोलिसांनी विशिष्ट कलम लावले एवढ्यानेच माणूस खटला संपेपर्यंत आत राहील आणि न्यायाधीशाला त्यात बोलायला जागाच उरणार नाही. म्हणजे माणसाला कोंडून ठेवायचे की नाही, हे न्यायाधीशाऐवजी पोलीस ठरवणार.

१९९४ मध्ये संसदेने खुद्द घटनेतच दुरुस्ती करून अशा काही आरोपींना जामीन नाकारण्याची वाट काढली. पुढे १९९९ च्या जामीन कायद्यात तशी तरतूद आली. ते प्रकरणही कोर्टात गेले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही तरतुदी रद्द केल्या आणि २००६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सरकारचे अपील फेटाळून तोच निर्णय कायम केला. मॉरिशस हे लोकशाही राज्य राहील, असे घटनेचे पहिलेच कलम म्हणते. लोकशाहीत कायदा करणारे, राज्य चालवणारे आणि न्याय देणारे वेगळे असावे लागतात. न्यायाधीशाचे काम काढून घेणे म्हणजे ते पहिले कलमच मोडणे, असे त्या निकालाचे तात्पर्य.

त्या निकालामुळे आरोपी निर्दोष सुटला असे नव्हे, आणि गुन्हेगारांना रान मोकळे झाले असेही नव्हे. जामीन द्यायचा की नाही हे न्यायाधीशाने त्या त्या माणसाचे प्रकरण पाहून ठरवायचे, एवढेच त्यात आहे. योग्य वाटले तर न्यायाधीश जामीन नाकारतोही. पण नाकारणारा न्यायाधीश असतो, पोलीस नव्हे.

आपण काय करावे?

आपल्यातली अनेक मुले-मुली आज कायद्याचे शिक्षण घेत आहेत, याचा आनंद आहे. आईबापांनी त्यांना एवढेच सांगावे, की बॅरिस्टरचा गाऊन हा केवळ पोटापाण्यासाठी नसतो. मणिलाल डॉक्टर मजुरांसाठी उभे राहिले, तारकुंडे स्थानबद्धांसाठी उभे राहिले. ज्याच्या बाजूने बोलायला गाव तयार नाही, त्याच्यासाठी बोलणे हेही वकिलाचेच काम आहे.

आणि जे वकील नाहीत, त्यांच्यासाठी? एखाद्या न्यायाधीशाने आपल्याला न आवडणाऱ्या माणसाला सोडले, की आपण चहाच्या घोटाबरोबर त्या न्यायाधीशाला नावे ठेवतो. नावे ठेवण्यापूर्वी निकालाचे कारण काय ते तरी वाचावे. न्यायाधीशांच्या नेमणुका आणि बढत्या कशा होतात, कोणाला का डावलले, याकडे लक्ष ठेवावे. १९७३ मध्ये तीन न्यायमूर्तींना डावलले गेले, तेव्हा भारतातील पुष्कळ लोकांना ते दिल्लीतल्या मोठ्या लोकांचे भांडण वाटले होते. तीन वर्षांनी त्याची झळ त्यांच्याच घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचली. चौघांपैकी दोघांनी जरी खन्नांची साथ केली असती, तर निकाल उलटा लागला असता. न्यायाधीश हाडामांसाचा माणूस असतो. आपल्या पाठीशी समाज उभा आहे हे त्याला जाणवले, तर ‘नाही’ म्हणणे थोडे सोपे जाते.

तेव्हा आजी-आजोबांची म्हण आपण पाळावी. भाऊबंदकीसाठी, बांधासाठी, हट्टासाठी कोर्टाची पायरी चढू नये. पण ती पायरी झिजू देऊ नये, कोणाला ती उखडूनही नेऊ देऊ नये. आपल्यावर ती चढण्याची वेळ न येवो. आलीच, तर वर बसलेला माणूस खन्नांसारखा असावा, आणि त्याला तसे राहू देणारा देश आपला असावा.